कावळ्याला दिलेला शब्द

खंडेनवमीला लालासाहेबांच्या अंगणात गाड्यांची रांग लागायची ती पलटणीसारखी. आधी ट्रॅक्टर, मग ट्रॉली, मग थोरल्या लेकाची, राजवर्धनची मोटारसायकल, मग औषध फवारायचा पंप, आणि शेवटी गोणपाटावर कोयते, खुरपी, पहार. लष्कराच्या मोटारखात्यातून सुभेदार होऊन घरी आलेल्या माणसाच्या दारात रांग वाकडी असून चालत नाही. पण गेली चार वर्षं ही रांग मधेच तुटलेली होती. ट्रॉली आणि मोटारसायकल यांच्यामध्ये लालासाहेब एका गाडीपुरती जागा मोकळी सोडायचे, तिथं नुसत्या जमिनीवर हळदकुंकू टाकायचे, आणि कुणी काही विचारायच्या आत मोठ्यानं खाकरायचे.

यंदा त्या मोकळ्या जागेत सकाळी सकाळी कुणीतरी सडा घालून रांगोळी काढली होती.

"ही कुणी काढली?" धोंडुबाईंनी विचारलं. धोंडुबाई म्हणजे लालासाहेबांची थोरली बहीण. सणाला माहेरी यायच्या, आणि आल्या की साऱ्या घराला नव्यानं सासू आल्यासारखं व्हायचं.

"ज्याला हात हायती त्यानं," साळूबाई चुलीपुढून म्हणाल्या.

"हात कुणाचं ते इचारलं मी."

"पूजाचं. आन् रांगोळी माझ्या डब्यातली हाय. आनि काय इचारायचं हाय, वन्सं?"

धोंडुबाईंनी भावाकडं बघितलं. लालासाहेब नारळाच्या शेंड्या सोलत बसले होते. यंदा ते खाकरले नाहीत.

रांगोळी ज्या गाडीसाठी होती ती गोठ्यात उभी होती. धाकट्या लेकाची, शिवतेजची येझदी मोटारसायकल. फौजेतली पहिली सुट्टी मिळाली तेव्हा सांगलीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून त्यानं ती आणली होती, आणि तेव्हाच ती त्याच्यापेक्षा वयानं मोठी होती. तांब्याच्या घागरीत कुणी खडे घालून हलवावेत तसा तिचा आवाज. वाडीत तसा दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हता. ड्युटीवर जाताना तो ती फलटणला मित्राच्या दुकानात ठेवायचा आणि सुट्टीला आला की तिथून तिच्यावर बसून घरी यायचा. कॅनॉलच्या पुलावर गाडी वळली की चुलीपुढं साळूबाईंना कळायचं. गाडी अंगणात येईपर्यंत त्या भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यावर हजर. लांबून आलेल्या लेकावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, मगच त्याला घरात घ्यायचं. शिवतेज गाडीवर बसूनच मान पुढं करायचा. "आये, लवकर. इंजिन तापलंय."

सिक्कीमला दरड कोसळली आणि शिवतेज तिरंग्यातल्या पेटीतून आला. पेटी उघडू नका, असं बरोबरच्या साहेबांनी सांगितलं. साळूबाईंनी लाकडावरूनच हात फिरवला. त्यानंतर राजवर्धननं फलटणहून गाडी टेम्पोत घालून आणली आणि कडब्याच्या आडोशाला लावली.

आणि दहाव्याला कावळा शिवेना.

ओढ्याकाठी पिंड ठेवून सगळे मागं सरले होते. कावळा बाभळीवर बसून मान वाकडी करून बघत होता. राजवर्धन पुढं झाला, "शिवा, तुझ्या वाटणीच्या रानाला धक्का लावणार न्हाई." कावळ्यानं पंख साफ केले. साळूबाई म्हणाल्या, "पूजाला पोटच्या लेकीसारखी संभाळू रं बाबा." कावळा दुसऱ्या फांदीवर गेला. ऊन डोक्यावर आलं. भटजी मोबाइल बघायला लागले. शेवटी धोंडुबाई म्हणाल्या, "आरं, त्याचा जीव त्या फटफटीत. तिचं काय ते बोला की कुणीतरी!" तेव्हा लालासाहेब चपला काढून पुढं गेले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "शिवा, तुझ्या गाडीला घरातलं कुणी हात लावणार न्हाई. शब्द हाय."

कावळा खाली आला.

हुकूम वरून खाली येतो, तो एखाद्या वेळेस मोडता येतो. नोकरीत लालासाहेबांनी मोडलेही होते. हा शब्द खालून वर गेलेला होता. तो कसा मोडायचा ते त्यांना कुठल्या साहेबानं शिकवलेलं नव्हतं.

मग यंदाच्या उन्हाळ्यात शिवतेजच्या बायकोनं, पूजानं, लायसन काढलं.

ती दुधाच्या शीतकरण केंद्रावर फॅट तपासायच्या कामाला लागली होती. केंद्र पाच गावं पलीकडं, काम उजाडायच्या आधी सुरू, आणि त्या वेळेला एसटी तर सोडाच, वाटेवर कुत्रंही नसायचं. राजवर्धन सोडायला जायचा, पण उसाला पाण्याची पाळी आली की त्याचा नाइलाज. तेव्हा तिनं त्याच्याच मोटारसायकलवर खळ्यात शिकून घेतलं, परीक्षेत पाय न टेकता आठाचा आकडा काढला, आणि कार्ड हातात आलं त्याच संध्याकाळी गोठ्यात जाऊन येझदीवरचा कडबा उपसला. सीटवर एक कोंबडी अंडी उबवत होती. पूजानं तिची पिल्लं बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली. चावी साळूबाईंच्या पदराला बांधलेली होती. ती त्यांनी न बोलता सोडून दिली.

लालासाहेबांना पडवीच्या बाजेवरून गोठ्यातलं सगळं दिसायचं. हात लावायचा नाही असं ते बोलले होते, बघायचं नाही असं बोलले नव्हते. सुनेशी उगाच बोलायची त्यांची रीत नव्हती, आणि चुकीचं काम उघड्या डोळ्यांनी बघायचीही नव्हती. मग ते म्हशीशी बोलायला लागले.

"चांदे, पिस्टन चिकटला म्हणून कुणी टोले हाणायचं नसतं. पलग काढून भोकातनं डिझेल सोडावं आन् चार दिस वाट बघावी. भिजलं की आपसूक सुटतं."

चांदी रवंथ करत राहिली. पूजानं हातोडा खाली ठेवला.

टाकीच्या आत गंज होता. पूजानं चिंचेचं पाणी आणि मूठभर खिळे टाकीत घालून ती पाळण्यातल्या पोरासारखी मांडीवर हलवली. घासलेल्या पितळेसारखा आतून उजेड दिसला तेव्हा लालासाहेबांनी तोंड फिरवून मिशी चोळली. कार्बोरेटरच्या जेटमध्ये ती सुई घालायला गेली तर बाजेवरून आवाज आला, "चांदे, सुईनं भोक मोठं होतं मर्दे! तुझ्या शेपटीचा केस हाय की! तो घालावा." पूजानं उठून म्हशीच्या शेपटीचा केस उपटला. म्हैस हंबरली. "तुझ्याच कामाला आला की गं," लालासाहेब म्हणाले.

असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. टायर नवे आले, बॅटरी आली, क्लचच्या प्लेटा एकमेकींपासून सोडवून झाल्या. चाळिशीत आलेल्या राजवर्धनला हे सगळं दिसत होतं आणि तो वैरण टाकताना मुद्दाम दुसऱ्या दारानं यायचा. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. न विचारता जेवढं चालतं तेवढंच घरात शांततेनं चालतं, हे लालासाहेबांना ठाऊक होतं.

विचारणारा आला तो दुपारच्या एसटीनं.

जयराज हा पूजाचा धाकटा भाऊ. जतहून आला होता, हातात आपट्याची फांदी आणि डाळिंबाचा बॉक्स. चहा पिता पिताच त्यानं विषय काढला.

"आबा, स्पष्ट बोलतो. अक्काला न्यायला आलोय. सणापुरतं न्हाई."

"चा तर घ्या आदी, पाव्हणं."

"घेतलाय की. तिकडं एक ठिकाण हाय. माणूस चांगला हाय, बायको वारली, पोर न्हाई. अक्काचं वय काय हो? जलमभर दुधातलं फॅट मोजत बसायची का?"

"माझ्या वयाचं मी बघते," पूजा आतून म्हणाली.

"तू गप बस, अक्का."

"तू धाकटा हायस जया. लायसन तरी हाय का तुला?"

राजवर्धनला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. धोंडुबाई मात्र जयराजच्या बाजूला सरकून बसल्या. "पोरगा बरोबर बोलतोय. तरण्याताठ्या बाईनं आंधारात एकटीनं फटफटी घेऊन जायचं, बरं दिसतं का ते? लायसनच्या फोटूत डोक्यावर पदर तरी घेतलाईस का गं?"

"हेल्मेट घेऊ दिलं न्हाई आत्या, न्हाईतर तेच घेतलं असतं."

"स्कुटी घेऊन देतो म्हणलोय मी," राजवर्धन म्हणाला. "गाडी कशाला उकरायची ती?"

"दादा, स्कुटी तुमी दिलेली हुईल. ही माझी हाय. पुढच्या सुट्टीला गेर शिकवतो म्हणलं व्हतं त्यांनी मला. किक आन् गेर येकाच दांडीला हायती हिच्या, ते बी दावलं व्हतं. ती सुट्टी काय आली न्हाई."

मग जयराजनं कप खाली ठेवला.

"एक इचारू का, आबा? राग नगा मानू. घरातलं कुणी हात लावणार न्हाई, असा शब्द दिलाय न्हवं तुमी कावळ्याला? मग अक्कानं पाच-सहा म्हयनं गाडी उलगडली, जोडली, तुमी म्हशीशी गप्पा मारत बसला. म्हंजे अक्का घरातली न्हवंच. आसंच की?"

लालासाहेबांच्या हातातला नारळ तसाच राहिला. पोरगं आगाऊ होतं, पण त्यानं बोट ठेवलं ते बरोबर दुखऱ्या जागी. सुनेला घरातली म्हणावं तर शब्द मोडला. बाहेरची म्हणावं तर तिला कुठल्या तोंडानं थांबवायचं?

पूजा दारात येऊन उभी राहिली. पिठाचे हात तसेच.

"आबा, त्या दिवशी मला वढ्यावर येऊ दिलं न्हवतं. पण मला सांगितलंय सगळ्यांनी. आईंनी मला लेकीसारखी संभाळायचा शब्द दिला, तुमी गाडीचा दिला. कावळा नेमका कुठल्या शब्दाला खाली आला, हे कुणाला ठावं हाय?"

"माझा शब्द शेवटचा व्हता."

"शेवटचा व्हता म्हणून तोच आयकला? आसंल. पर आईंच्या शब्दाला तो फांदी सोडून खालच्या फांदीवर आला व्हता म्हणं. निघालाच व्हता तो."

साळूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "खालच्याच फांदीवर आला व्हता. मी बघितलंय."

लालासाहेब उठले. अंगणात गेले, त्या रांगोळीशी उभे राहिले. त्यांना पूजा हवी होती घरात. हे त्यांनी कधी कुणाला, म्हशीलाही सांगितलेलं नव्हतं. पोरगा गेल्यावर घरात बोलणं उरलं ते भांड्यांचं. त्या गोठ्यातल्या खटपटीनं तेवढी सहा महिने जाग आणली होती. रात्री आडवं पडलं की ते उद्या म्हशीला काय सांगायचं याचा विचार करत झोपायचे.

"आसं करू," ते वळून म्हणाले. "गाडी आज चालू झाली तर शिवाला मान्य हाय आसं समजू. पूजा घरातली आन् गाडी पूजाची. पाव्हणं, तुमी एकटं जायाचं. न्हाई झाली, तर सकाळच्या गाडीनं अक्काला घेऊन जावा. मी आडवा येणार न्हाई."

"आरं, आनि येक शब्द?" धोंडुबाई पुटपुटल्या.

"आनि येक."

गाडी गोठ्यातून बाहेर काढायला जयराजलाच लावलं. ही युक्ती धोंडुबाईंची. "शब्दात घरातलं म्हणलंय. ह्यो भायरचा हाय," त्या म्हणाल्या. जी गाडी चालू झाली तर हात हलवत परत जावं लागणार, तीच बिचाऱ्यानं घाम गाळत ढकलत आणून रांगोळीवर उभी केली. चार वर्षांनी उन्हात आलेली ती टाकी अशी चमकली की जयराजच म्हणाला, "आयला, अक्का!"

पूजानं गाडीला झेंडूची माळ घातली. मग शिवतेजचं काळ्या काचेचं हेल्मेट डोक्यावर चढवलं. लायसन नवं असल्यामुळं ती अंगणातसुद्धा हेल्मेटशिवाय गाडीवर बसायची नाही. त्यावरून राजवर्धन तिची थट्टा करायचा. आज कुणी केली नाही. साळूबाई नैवेद्याचं बघायला आत गेल्या.

पहिली किक. काही नाही. दुसरी, तिसरी. गाडीनं नुसता उसासा टाकला. पूजाची पावलं घसरायला लागली. जयराज घड्याळाकडं बघत नव्हता, पण बघितल्यासारखा उभा होता. पेट्रोलचा वास अंगणभर पसरला.

लालासाहेबांनी गोठ्याकडं तोंड केलं. "चांदे! लय पाजल्यावर ठसका लागणारच की! नळ बंद कर, मूठ पूर्ण पिळ, आन् कोरड्या किका मार! मग नळ सोड!"

पूजानं नळ बंद केला. कोरड्या किका मारल्या. नळ सोडला. दांडीवर सगळा भार टाकून उभी राहिली आणि खाली आली.

येझदी बोलली.

आधी खोकली, पांढरा धूर सोडला, आणि मग तो आवाज. तांब्याची घागर, आत खडे. राजवर्धनच्या हातातली उदबत्तीची काडी खाली पडली. धोंडुबाईंनी तोंडाला पदर लावला. पूजानं हेल्मेटच्या आतून लालासाहेबांकडं बघितलं असावं; काचेमुळं दिसलं नाही, पण तिनं मूठ दोनदा पिळली, आणि लालासाहेबांना वाटलं की आता हसलं तरी चालेल. ते हसलेही. चार वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात साळूबाई बाहेर आल्या.

एका हातात भाकरीचा तुकडा, एका हातात पाण्याचा तांब्या. डोक्यावरचा पदर पडलेला. तोंड असं उजळलेलं की लालासाहेबांना लग्नातली साळू आठवली. कुणाकडं न बघता त्या तरातरा गाडीपाशी आल्या.

"आलास का? न कळवता? उतरू नगंस, थांब, तसाच थांब."

त्यांनी भाकरतुकडा हेल्मेटवरून ओवाळला. एकदा, पुन्हा, पुन्हा. चाकावर पाणी घातलं. भाकरीचा तुकडा मागं टाकला. मग ओला हात काळ्या काचेवर ठेवला.

"काच वर कर की रं. तोंड तर दाव. त्या लोकांनी दावलंच न्हाई मला."

इंजिन चालू होतं. पूजा हलली नाही. काच वर करावी तर काय होईल हे तिला कळत होतं, आणि खाली ठेवावी तर किती वेळ? "साळू," लालासाहेब म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. राजवर्धन पुढं सरकला आणि तिथंच थांबला.

शेवटी पूजानं काच वर केली.

साळूबाई बघत राहिल्या. खूप वेळ. तोंडावरचा उजेड एकदम गेला नाही. संध्याकाळी रानातनं ऊन जातं तसा हळूहळू गेला. चावी ज्यांनी पदरातून सोडून दिली होती, रांगोळी ज्यांच्या डब्यातली होती, त्याच साळूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"बंद कर."

पूजानं चावी फिरवली.

मग कुणी नारळ फोडला नाही. फोडला असेल तर लालासाहेबांना आठवत नव्हता. साळूबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या, आणि धोंडुबाई, ज्यांना दुपारी सून पाठवायची घाई झाली होती, त्यांच्या पायाशी बसून पाय चेपत राहिल्या. "माझंच चुकलं गं, मीच बोलले फटफटीचं," असं त्या मधूनमधून म्हणायच्या.

दिवेलागणीला ओसरीवर पूजा लालासाहेबांच्या समोर येऊन बसली. म्हैस मध्ये नव्हती.

"आबा, मी जाते."

"गाडी चालू झाली. शब्द ठरला व्हता आपला."

"ठरला व्हता. पर सकाळी येकदा आन् संध्याकाळी येकदा, आसं आई रोज त्या उंबऱ्यावर येत्याल. रोज मी काच वर करायची?"

"मग परत गोठ्यात लावू," राजवर्धन म्हणाला. "पूजा, म्या उद्या स्कुटी आणतो. उद्याच."

"आता आवाज आयकलाय त्यांनी, दादा. गाडी हितं दिसली तरी वाट बघतील. ती बी गेली पाहिजे आन् मी बी."

"तेच म्हणतोय मी," जयराज म्हणाला, पण त्याच्या आवाजात दुपारचा जोर नव्हता. "चल माझ्यासंगं."

"तुझ्यासंगं न्हाई, जया. तितं आले तर माणूस बदलावा लागंल. केंद्राच्या मागं खोली हाय, तितल्या राजेश्वरी मॅडम देते म्हणल्या व्हत्या." मग लालासाहेबांकडं बघून तिनं विचारलं, "आबा, मी घरातली व्हते न्हवं?"

लालासाहेबांना बोलायचं होतं. त्यांनी गोठ्याकडं तोंड वळवलं, सवयीनं. नुसती मान हलवली. ती तिला त्या अंधारात दिसली की नाही, ते त्यांना कधी कळलं नाही.

दसऱ्याला तांबडं फुटायच्या आधीच पूजा उठली. साळूबाईंच्या पाया पडली ती त्यांच्या पाठीच्या बाजूनंच. पिशवी येझदीच्या मागं बांधली, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि गाडी चालू न करता ढकलायला लागली. कॅनॉलच्या पुलापर्यंत तशीच न्यायची, म्हणजे घरात आवाज जाणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण येझदी म्हणजे लोखंड. पुलाकडं चढ. वेशीपर्यंत जाईतो तिचा श्वास भरला. गाडी मागं यायला लागली.

आणि थांबली.

पूजानं मागं बघितलं. लालासाहेबांचे दोन्ही हात मागच्या कॅरिअरवर होते.

"आबा, हात—"

"म्होरं बघ. गाडी चालवताना मागं बघायचं नसतं."

चार वर्षांत पहिल्यांदा त्या लोखंडाला त्यांचा हात लागला होता. गार होतं. दव पडलेलं. त्यांना वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. दोघं उसाच्या मधून ढकलत राहिली, ती पुढं, ते मागं, एकमेकांशी न बोलता, सहा महिने बोलले नव्हते तसेच.

पुलाच्या पलीकडं त्यांनी हात सोडले. पूजानं हेल्मेट घातलं. तिला वाकून नमस्कार करायचा होता, पण त्यांनी हातानंच नको केलं. वाकली असती तर तेही वाकले असते. तिनं नळ सोडला. एकाच किकेत गाडी चालू झाली. दांडी वळवून तिनं पहिला गेर टाकला. शिवतेजनं दाखवलं होतं तस्सा.

"पेट्रोलात ऑईल मिसळायला इसरू नगंस," लालासाहेब म्हणाले. म्हशीला नाही, तिला.

ती गेली. लाल दिवा उसाच्या वळणाआड गेल्यावरही ते ऐकत उभे राहिले. वारा घराच्या दिशेनं होता, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

परत आले तेव्हा साळूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मांडीवर तांब्या, मुठीत भाकरीचा तुकडा. त्या पुलाच्या दिशेनं बघत होत्या. नजर नितळ होती, तोंडावर रडं नव्हतं.

"गेला?" त्यांनी विचारलं.

लालासाहेबांनी पायरीशी चपला काढल्या.

"ह्या खेपेला सुट्टी लयच कमी मिळाली त्याला," साळूबाई म्हणाल्या.

"व्हय," लालासाहेब म्हणाले.

त्यांनी बायकोच्या मुठीतून तुकडा हळूच सोडवून घेतला आणि अंगणात, पुसट झालेल्या रांगोळीवर टाकला. गोठ्याच्या पत्र्यावर कावळा येऊन बसला होता. त्यानं मान वाकडी करून तुकड्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. लालासाहेब वाट बघत थांबले. कावळा खाली येईना. आणि द्यायला आता त्यांच्याजवळ एकही शब्द उरला नव्हता.